तारीख नसलेली, पण परत परत येणारी कामं यादीत कशी ठेवायची?

निपाणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. शिवणकामाचं छोटं दुकान, तीन मशीन, घरात सासूबाई आणि दोन मुलं. मोबाईलच्या यादीत सत्तरेक कामं अशी, की ती परत परत करावी लागतात, पण अमुकच दिवशी करायला हवीत असं काही नाही. मशीनला तेल घालणं, कात्र्यांना धार लावून आणणं, वरची टाकी धुणं, मावशीला फोन, फ्रीजचं रबर पुसणं. त्या लिहितात, "रिपीट लावायला गेलं की ॲप तारीख मागतं. तारीख दिली की आठवड्यात सगळी यादी लालभडक. नाही दिली, तर एकदा खूण केली की काम गायब, आणि परत आठवतं ते मशीन कुरकुरायला लागल्यावर. मधला काही मार्ग?"

ताई, मार्ग आहे. फक्त तो रिपीटच्या बटणाखाली नाही, म्हणून तुम्हाला सापडला नसेल.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघूया. आपण 'तारीख' या एका शब्दावर तीन वेगवेगळी ओझी लादतो. एक म्हणजे मुदत: या दिवसानंतर केलं तर दंड, नुकसान किंवा शिव्या. दुसरं, डोळ्यांसमोर यायचा दिवस: तोवर हे काम मला दिसू नये, त्यानंतर दिसावं. तिसरं म्हणजे अंतर: मागच्या वेळेपासून साधारण इतके दिवस गेले की परत करायचं. तुमच्या मशीनच्या तेलाला मुदत नाही, फक्त अंतर आहे. ॲपला मात्र अंतर सांगायचं तर मुदतीच्या खिडकीतूनच सांगावं लागतं. मग तो दिवस उलटला की ते तुम्हाला थकबाकीदार ठरवतं.

हे असं का, याला एक कारण आहे. कॅलेंडर आणि कामांची देवाणघेवाण ज्या आयकॅलेंडर प्रमाणकावर चालते, ते सध्याच्या रूपात २००९ साली आरएफसी ५५४५ (इंटरनेटच्या प्रमाणकांच्या मालिकेतला एक दस्तऐवज) म्हणून आलं. त्यात कामाला मुदत असलीच पाहिजे असं नाही. पण पुनरावृत्तीचा नियम लावला की सुरुवातीची तारीख सक्तीची. सगळी ॲप्स त्या प्रमाणकाबरहुकूम बनलेली नाहीत, पण विचाराचा साचा तोच राहिला: 'परत' म्हटलं की आधी कॅलेंडर काढा. टास्कवॉरियरसारखं मुरलेल्या लोकांचं सॉफ्टवेअरसुद्धा मुदत दिल्याशिवाय पुनरावृत्ती लावून देत नाही.

आता तुमच्या स्वयंपाकघरात या. भिंतीवरच्या कॅलेंडरावर कुठेतरी 'गॅस लावला' असं लिहिलेलं सापडेल. माझी आई ते पेन्सिलीने लिहायची. सिलिंडर कधी संपेल हे कोणालाच माहीत नसतं. पाहुणे आले, दिवाळीचा फराळ झाला की लवकर संपतो. मुलं आजोळी गेली की पुरतो. म्हणून आईने 'गॅस संपणार' अशी तारीख कधीच लिहिली नाही. लावला तो दिवस लिहायची. महिना उलटला की तिची नजर तिकडे जायची आणि ती नंबर लावायला सांगायची. तुम्हाला हवी असलेली पद्धत हीच. करायचं कधी ते लिहू नका, केलं कधी ते लिहा. पुढचं सगळं यातूनच निघतं.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये देखभालीचं काम बघतो, वीसेक वर्षं झाली. आमच्याकडे देखभालीची कामं तीन तऱ्हेची. काही दिवसांवर: अमुक महिन्यांनी करायचं. काही वापरावर: कॉम्प्रेसरचं तेल किती तास चाललं ते मीटरवर बघून बदलायचं, मशीन पंधरा दिवस बंद असेल तर ते पंधरा दिवस धरायचे नाहीत. आणि काही लक्षणांवर: बघायचं, आणि बिघडलेलं दिसलं तरच हात घालायचा. बाहेरच्यांना सगळंच 'मेंटेनन्स' वाटतं, पण ही तीन एका वहीत कोंबली की वही निकामी होते.

हे मी कामावर पाळत होतो आणि घरी मात्र नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी मोबाईलमध्ये यादी सुरू केली तेव्हा उत्साहात सगळ्याला तारखा टाकल्या. कुकरची रिंग, बुटांचं पॉलिश, पुतण्याला फोन, सगळं. दोन महिन्यांत शंभरावर कामं लाल. मग रोज सकाळी सगळी निवडून 'उद्या' दाबायचं, दात घासल्यासारखं. त्या लाल गर्दीत स्कूटरच्या विम्याचं नूतनीकरणही होतं. तेही उद्यावर गेलं, परवावर गेलं आणि विमा संपला. त्यानंतर तीन आठवडे मी बिनविम्याची गाडी चालवत होतो, हे चौकात पोलिसाने थांबवल्यावर कळलं. दोष माझाच. खोट्या तारखांचा तोटा नुसता यादी घाण दिसण्यात नसतो. त्यांच्यामुळे खरी तारीखही खोटी वाटायला लागते.

म्हणून पहिलं काम: सत्तर कामांतून खरी मुदतवाली बाजूला काढा. एकच प्रश्न विचारायचा: आठवडाभर उशीर झाला तर नेमकं काय होईल? दुकानाचा परवाना, विमा, कर्जाचा हप्ता, जीएसटीचं विवरणपत्र (दरमहा ३बी भरत असाल तर पुढच्या महिन्याची २० तारीख) यांना उत्तर स्पष्ट आहे. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यासुद्धा इथेच. तुम्हाला ते 'कधीतरी आणायचं' काम वाटेल, पण शेवटची गोळी कोणत्या दिवशी संपणार हे पट्टी मोजून सांगता येतं. त्याच्या पाच दिवस आधीची तारीख टाका, आवाजासकट. माझा अंदाज, सत्तरातून आठ-दहाच अशी निघतील. लाल रंग त्यांच्यासाठी राखून ठेवा.

उरलेल्यांचं काय करायचं, हे थोडं तुमच्यावर अवलंबून आहे. संगणकावर बसता की सगळं मोबाईलवरच? कामं तुम्ही एकट्या करता की घरातलं कोणीही करतं? पंधरा-वीस असतील तर कागदसुद्धा पुरतो. साठाच्या वर असतील तर कशाची तरी मदत घ्यावी लागेल.

ॲप सोडायचं नसेल तर एक सोय शोधा: पुढची पाळी 'पूर्ण केल्याच्या दिवसापासून' मोजायची. टुडूइस्टमध्ये 'एव्हरी' या शब्दाला उद्गारचिन्ह जोडलं की तसं होतं. 'एव्हरी थ्री वीक्स' म्हटलं तर ते कॅलेंडराच्या चालीने पळतं, 'एव्हरी!' म्हटलं तर तुम्ही काम केलंत त्या दिवसापासून तीन आठवडे मोजतं. काम खुशाल मराठीत लिहा, पण हा तारखेचा तुकडा इंग्रजीतच टाकावा लागतो, मराठी त्याला उमगत नाही. टिकटिकमध्ये पूर्ण केल्याच्या तारखेवरून मोजायचा पर्याय पुनरावृत्तीच्या खिडकीतच आहे. रिमेंबर द मिल्कमध्ये 'एव्हरी'ऐवजी 'आफ्टर' लिहायचं. अँड्रॉइडवरच्या टास्क्स डॉट ऑर्गमध्येही हे आहे. गूगल टास्क्स आणि मायक्रोसॉफ्ट टू डूची पुनरावृत्ती मात्र कॅलेंडराच्याच हिशेबाने चालते. टू डूमध्ये तर रिपीट लावलं की तारीख आपोआप चिकटते. ही दोन्ही चांगली आहेत, पण या कामासाठी नाहीत.

थिंग्ज या ॲपचा वेगळा उल्लेख करतो, कारण त्यांनी मुदत वेगळी आणि 'कधी हाती घ्यायचं' ते वेगळं ठेवलंय. मुदत न देताही काम पूर्ण झाल्यापासून इतक्या दिवसांनी परत समोर येतं आणि मुकाट्याने बसून राहतं, लाल होत नाही. पण ते ॲपलच्याच उपकरणांवर चालतं आणि विकत घ्यावं लागतं. नुसतं टाकी धुण्यासाठी आयफोन घ्या असं काही मी म्हणणार नाही.

बाकीच्या ॲप्समध्ये लाल रंग टळत नाही. तिथे मी अशी तोड काढलीय: या कामांची यादीच वेगळी, नाव 'फिरती'. तिच्या सूचना बंद. आणि 'आज'च्या पानावर ती दिसणार नाही अशी चाळणी (फिल्टर). फिरती यादीतल्या तारखेचा अर्थ 'या दिवसापासून दिसलं तरी चालेल' एवढाच, हे स्वतःशी ठरवून टाकायचं. ती यादी मी आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी चहा घेताना उघडतो. तीन-चार कामं उचलतो आणि बंद करतो. उरलेल्यांबद्दल मन खात नाही, कारण त्यांना वचन दिलेलंच नसतं.

पण खरं सांगू? माझ्या स्वतःच्या फिरत्या कामांसाठी मी ॲप केव्हाच सोडलं. गूगल शीट वापरतो. चार रकाने: काम, साधारण किती दिवसांनी, शेवटचं कधी केलं, आणि चौथ्यात एक भागाकार. आजच्या तारखेतून शेवटची तारीख वजा केली की उलटलेले दिवस मिळतात (त्यासाठी 'टुडे' नावाचं सूत्र आहे). त्याला ठरवलेल्या दिवसांनी भागायचं. मग चौथ्या रकान्यावर उतरत्या क्रमाने लावायचं. काम झालं की तिसऱ्या रकान्यात आजची तारीख टाकायची, संगणकावर कंट्रोल आणि अर्धविराम दाबला की ती आपोआप उमटते. खूण करणं नाही, काम गायब होणं नाही.

भागाकार कशाला, नुसते दिवस मोजून चालणार नाही का? नाही चालत. समजा टाकी ६० दिवसांनी धुवायची आणि ७५ दिवस झालेत. फ्रीजचं रबर ३० दिवसांनी, ३३ झालेत. मावशीला फोन १५ दिवसांनी, ३० झालेत. दिवसांनी बघितलं तर टाकी पहिली. भागाकाराने टाकी १.२५, रबर १.१ आणि मावशी २. म्हणजे सगळ्यात जास्त ताटकळलेली मावशी आहे. मला तरी हे बघून प्रत्येक वेळी पटतं की यंत्राचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. एकच्या खाली असलेल्या ओळींकडे बघायचंच नाही. एक ते दीड म्हणजे सवड मिळेल तसं. दोनच्या पुढे गेलं की मी दोनपैकी एक करतो: लगेच उरकतो, नाहीतर अंतर बदलतो.

अंतर बदलणं ही पळवाट नव्हे. पहिल्यांदा आकडे टाकतो तेव्हा आपण आदर्श माणसासाठी टाकतो. आमच्या मशीनच्या पॅनेलमधल्या पंख्यांच्या जाळ्या मी पंधरा दिवसांवर लावल्या होत्या. जुन्या नोंदी बघितल्या तर पावसाळ्यात चाळीस-चाळीस दिवस कोणी हात लावला नव्हता आणि काही बिघडलं नव्हतं. फेब्रुवारीपासून पहिला वळीव पडेपर्यंत मात्र धूळ इतकी, की पंधरा दिवससुद्धा जास्त. म्हणून आता त्या ओळीचं अंतर वर्षातून दोनदा बदलतो. तुमच्या मशीनच्या तेलाचं तसंच होईल. लग्नसराईत ब्लाऊजचा ढीग लागला की मशीन दिवसभर चालतं, आषाढात बसून असतं. तिथे दिवस मोजण्यापेक्षा दोऱ्याची मोठी रिळं मोजा, इतकी रिळं संपली की तेल. तो तुमचा तासांचा मीटर. त्याला शीटही नको, रिकाम्या रिळांचा डबा पुरे.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट: अंतरसुद्धा नसलेली, निमित्तावर टांगलेली कामं. कारखान्यात मशीन कशामुळेही बंद पडलं की आम्ही त्याच्या चिठ्ठीवरची बाकीची कामं उरकून घेतो. एरवी त्यासाठी चालतं मशीन कोण थांबवणार? लाईन दुरुस्तीसाठी उद्या लाईट नाही अशी सूचना पेपरात आली, की माझी 'लाईट नसताना' ही यादी बाहेर येते. तुमच्याकडे पण अशा याद्या आहेत, तुम्ही त्यांना नाव दिलेलं नाही एवढंच. कात्र्यांची धार हे 'दर दोन महिन्यांनी' काम नाही, ते 'कोल्हापूरला गेल्यावर' काम आहे. जिल्ह्याच्या कचेरीत खेप घालायची ती बेळगावला, तर 'बेळगावला गेल्यावर' ही दुसरी यादी. तिच्यात कन्नड कागदांच्या प्रती, सासूबाईंच्या मैत्रिणीला भेटणं आणि कुंदा. टाकी धुण्याचं निमित्त पाण्याच्या पाळीत आहे. भरलेली टाकी कोणी ओतून धुत नाही. ती तळाला गेली आणि दुसऱ्या दिवशी पाणी येणार असलं की ती वेळ.

या याद्यांना गूगल कीप चांगलं. चौकोनांची यादी करायची, काम झालं की खूण, आणि परत निघायच्या वेळी मेनूतून 'सगळ्या खुणा काढा'. यादी परत कोरी. तारखेचा प्रश्नच उद्भवत नाही. दुकान बंद करतानाची यादी (इस्त्रीचा प्लग, मापांची वही, गल्ला) अशीच ठेवा.

ऋतूची कामंही निमित्तातच मोडतात. खानापूरकडे आमचं जुनं कौलारू घर आहे. कौलं फिरवायची ती मिरगाच्या आधी. मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागतं, पण वडिलांनी ७ जून ही मुदत कधी धरली नाही. रोहिणी निघाल्या, वळवाचे दोन तडाखे बसले की गडी सांगून ठेवायचे. 'पाऊस लागायच्या आधी' नावाची एक यादी मी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उघडतो, आणि तेवढ्या एका आठवणीला कॅलेंडरात तारीख आहे. चौदा कामांना चौदा तारखा देण्यापेक्षा यादी उघडण्याला एक तारीख देणं सोपं.

राहिली लक्षणांवरची कामं. आमच्या मशीनमधलं कूलंट (धातू कापताना थंडाव्यासाठी सोडतात ते पाणी) सुटी पडून सोमवारी चालू केलं की कधी कधी कुजका वास मारतं. पाणी हललेलं नसतं, त्यात जंतू वाढतात. आधी माझ्या यादीत 'कूलंट बदलणे' असं होतं, आणि ते मोठं काम म्हणून कायम पुढे ढकललं जायचं. मग मी शब्द बदलला: 'कूलंट बघणे'. बघायला दोन मिनिटं लागतात. बघितलं, ठीक असलं, आजची तारीख टाकली, झालं. खराब दिसलं तर बदलायचं काम त्या दिवशी जन्माला येतं, आणि त्याला मग खरीखुरी तारीख देता येते. तुमच्या यादीत 'टाकी धुणे'च्या जागी 'टाकीत डोकावणे', 'जुने कपडे काढणे'च्या जागी 'कपाट उघडून बघणे' असं करून पाहा. फिरत्या यादीतली निम्मी कामं अशी बघण्याचीच असतात, आपण त्यांना उगाच करण्याची बनवून ठेवतो.

काही कामं या सगळ्यातून जाऊनही वर तरंगत राहतील. भागाकार तीन झाला, चार झाला, आणि कोणाचं काही अडलं नाही. ती पुसून टाका. माझ्याकडे 'मोबाईलमधले फोटो लावणे' पाच वर्षं होतं. पुसलं त्याला दोन वर्षं झाली, फोटोंनी काही तक्रार केलेली नाही.

तुम्ही शेवटी असंही लिहिलंय, की सासूबाई किंवा मुलगा काम करून टाकतात आणि यादीत ते तसंच राहतं. याला ॲपमधली सामायिक यादी हा उपाय लोक सांगतील, आणि घरातले सगळे मोबाईलवर तरबेज असतील तर तो आहेच. आमच्याकडे नाहीत. म्हणून स्वयंपाकघराच्या दाराला कॅलेंडर आणि दोरीला बांधलेलं पेन. ज्याने जे केलं ते त्याने त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचं: 'टाकी', 'रबर', 'मावशी'. रविवारी मी कॅलेंडर बघून शीटमध्ये तारखा उतरवतो, पाच मिनिटांचं काम. बायको शीट उघडतसुद्धा नाही आणि तिला उघडायची गरजही पडलेली नाही.

सुरुवात करताना एक सावधगिरी. 'शेवटचं कधी केलं' हे बऱ्याच कामांचं आठवणार नाही, पण तो रकाना रिकामा ठेवू नका. गूगल शीट दिवसांची मोजणी ३० डिसेंबर १८९९ पासून करतं, त्यामुळे रिकामी जागा म्हणजे त्याच्या लेखी तुम्ही सव्वाशे वर्षांत फ्रीजचं रबर पुसलेलं नाही, आणि ते काम कायमचं डोक्यावर बसेल. अंदाजे तारीख टाका. गणपतीच्या आधी केलं होतं का नंतर, एवढं आठवलं तरी पुरतं. पहिल्या फेरीत आकडे चुकीचे असणार. एकदा काम केलंत की त्या ओळीची तारीख खरी होते. सत्तर ओळी एकदम भरू नका. या आठवड्यात ज्याला हात लागेल तेवढंच शीटमध्ये उतरवा. दोन-तीन महिन्यांनी जे उतरलेलंच नसेल, त्याचं काय करायचं ते वर सांगितलंय.